हातमोजे घातल्याशिवाय नाही

जखम दाखवायचा अवकाश, सिस्टर हत्यार सांगायच्या. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी तिरकी चीर असली की म्हणायच्या, "पटाशी. आणि लाकूड टेबलाला न आवळता हातातच धरलं होतंस." तळहाताच्या मधोमध भोक असलं की स्क्रूड्रायव्हर. नख काळंनिळं असलं की हातोडी, आणि वर एक टोला, "खिळ्याकडे सोडून कुठे बघत होतास रे?" समोरचा माणूस खाली मान घालून कबूल व्हायचा. एकदा एक गृहस्थ नुसतेच "पडलो, पडलो" करत होते. सिस्टर म्हणाल्या, "पडलात ते खरं, पण खुर्चीवर स्टूल ठेवून पडलात." पडद्याबाहेर त्यांची बायको बसली होती. मग काय, पट्टी बांधून होईपर्यंत त्या माणसाची बाहेरून जी काही खरडपट्टी निघाली, ती सगळ्या वॉर्डाने ऐकली.

मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात सिस्टरनी चौतीस वर्षं काढली. रविवार संपला की सोमवारी सकाळी रांग ठरलेली. घरी कपाट करायला घेतलेले, नळ दुरुस्त करायला गेलेले, सुट्टीच्या दिवशी हौसेने ग्राइंडर हातात घेतलेले. सिस्टर त्या सगळ्यांना मिळून एकच नाव द्यायच्या: हौशे. "आले बघा माझे हौशे," म्हणायच्या आणि कात्री उचलायच्या. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी गल्लीत कुणाचं बोट कापलं की अजून आधी त्यांचंच दार वाजतं.

आणि नशीब बघा, सगळ्यात मोठा हौशा त्यांच्याच घरात.

तो म्हणजे त्यांचा भाऊ. वय अठ्ठावन्न, केस पांढरेशुभ्र, नाव छोट्या. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि सिस्टर सोळाच्या. त्यांनीच त्याला न्हाऊमाखू घातलं, वाढवलं. तो डावखुरा. शाळेत मास्तर डाव्या हातावर छडी मारायचे, तेव्हा सोळा-सतरा वर्षांची ही पोरगी शाळेत जाऊन मास्तरांशी भांडून आली होती. म्हणून तो हात डावाच राहिला, आणि पुढे त्याच हाताने छोट्या घड्याळं दुरुस्त करायला शिकला. बसस्टँडजवळ कपाटाएवढं दुकान. डोळ्याला भिंग, डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत बारीक चिमटा, आणि त्या चिमट्यात डोळ्यांना धड दिसणारही नाही असा स्क्रू. सिस्टरनी लग्न केलं नाही. छोट्यानेही केलं नाही. ताईला विचारायचा धीर झाला नाही म्हणून, असं गल्लीत म्हणतात. गल्लीला काय, तोंड उघडलं की झालं.

घड्याळातून उरलेला सगळा वेळ छोट्याचा गच्चीवरच्या खोलीत जायचा. बंद पडलेल्या एका कारखान्यातून त्याने जुनं उभं ड्रिल मशीन आणलं होतं. टेबलावर बसवलेलं, वर मोटर, पट्ट्यावर फिरणारं. गेल्या वर्षी पत्रा कापताना त्याचा डावा तळहात फाटला. पाच टाके पडले. महिनाभर चिमटा धरता येईना, लोकांची घड्याळं तशीच पडून राहिली, आणि छोट्या नुसता खिडकीशी बसून बोटं उघडमीट करत राहायचा. सिस्टरनी हजारो हात शिवताना पाहिले होते, पण हा हात पाहून त्यांची झोप उडाली. हा हात गेला तर या माणसाजवळ दुसरं काय आहे?

टाके निघाले त्याच दिवशी त्या बाजारात गेल्या आणि सुती विणीच्या जाड हातमोज्यांचे दोन जोड घेऊन आल्या, तळव्याला रबर लावलेले. "हे घातल्याशिवाय एकाही हत्याराला हात लावायचा नाही. कळलं?"

"हो ताई."

"एकाही म्हणजे एकाही."

"हो ना, ताई."

तेव्हापासून रोजचा कार्यक्रम ठरला. छोट्या वर निघाला की जिन्याच्या पायथ्याशी सिस्टर म्हणायच्या, "हात दाखव." आणि अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात पुढे करायचा. हातमोजे, चष्मा, पायात बूट. सगळं बघून सिस्टर मान हलवायच्या, मगच तो जिना चढायचा. सिस्टरना त्या दिवसांत शांत झोप लागायची.

त्या आठवड्यात त्याचं नवीन काम चाललं होतं. सिस्टरचे गुडघे गेलेले, न्हाणीघरात दोनदा पाय घसरला होता. भिंतीला धरायला लोखंडी पाइपाची दांडी बसवायची, असं छोट्याने मनावर घेतलं. विकतही मिळते तशी. पण विकतची आणेल तो छोट्या कसला!

सकाळी कपडे धुताना सिस्टरनी ते हातमोजे हातात घेतले आणि त्या थबकल्या. दहा-अकरा महिने रोज वापरलेले हातमोजे, आणि बोटांची टोकं जवळजवळ कोरी? तेलाचा डाग नाही, कुठे धागा निघालेला नाही. बाकी कशाला नाही, पण खुणा वाचायला तर त्यांनी आयुष्य घातलेलं. म्हणजे हा मनुष्य खाली हात दाखवतो, आणि वर गेला की काढून ठेवतो! मला बनवतो! असा राग आला त्यांना, की बादली तशीच सोडून त्यांनी हातमोज्यांचा दुसरा, कोरडा जोड छोट्याच्या पुढ्यात आपटला.

"घाल. आणि आज मी वर येते."

"ताई, तुझे गुडघे..."

"माझ्या गुडघ्यांची काळजी नको. चल."

एकेक पायरी धरत त्या वर गेल्या. खोलीत पाऊल टाकायला जागा नव्हती, म्हणून दारातच उभ्या राहिल्या, कंबरेवर हात ठेवून. छोट्याने पाइप शिकंज्यात आवळला. खुणेवर ड्रिलचं टोक आणलं. मग थांबला, हातांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "तू खाली जा ना. चहा टाक तोवर, मी आलोच."

"चहा नंतर."

"वेळ लागेल गं."

"लागू दे. मला कुठे गाडी पकडायचीय?"

छोट्या आणखी एकदा हातांकडे बघत राहिला. सिस्टरना वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून ओशाळलाय. "आता मुहूर्त बघतोयस का?" त्या खेकसल्या. त्याने बटण दाबलं.

मशीन गुरगुरायला लागलं. उजव्या हाताने तो दांडा खाली ओढत होता, डावा हात पाइपाजवळ. लोखंडात टोक शिरलं आणि लोखंडाचा एक लांब, कुरळा तुकडा ड्रिलबरोबर गरगर फिरत वर यायला लागला. सवयीप्रमाणे छोट्याने तो डाव्या तर्जनीने बाजूला उडवला. नुसतं टेकवलं असेल बोट. त्या तुकड्यात हातमोज्याचा एक धागा अडकला.

पुढचं सगळं एका श्वासात झालं. हातमोजा फिरला, त्याच्याबरोबर बोट, बोटाबरोबर हात. छोट्या टेबलावर आदळला. तो ओरडलाही नाही. त्याच्या तोंडून "हं" एवढाच आवाज निघाला, आणि तो सिस्टरना ओरडण्यापेक्षा वाईट वाटला. हात गुंडाळला गेल्यामुळे ड्रिल अडलं होतं, पण मोटर चालूच होती. वरचा पट्टा घसरत किंचाळत होता, जळक्या रबराचा वास सुटला होता, आणि प्रत्येक क्षणाला मशीन तो हात आणखी आत ओढू बघत होतं.

अपघात विभागात कुठली वस्तू कुठे आहे, हे सिस्टर डोळे मिटून सांगायच्या. इथे त्यांना बटण सापडेना. मशीनवर नाही, भिंतीवर नाही. चौतीस वर्षांत त्यांनी असलं यंत्र कधी चालू असताना पाहिलंच नव्हतं. त्यांच्यापर्यंत यायची ती जखम.

"कुठंय? बटण कुठंय रे?"

"टेबलाखाली," छोट्या म्हणाला. त्याचा चेहरा कागदासारखा झाला होता. "डावीकडे. आत. माझा हात पोचत नाही."

जे गुडघे वर्षभरात एकदाही जमिनीला टेकले नव्हते, त्या गुडघ्यांवर सिस्टर धाडकन बसल्या. डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्या चाचपडत राहिल्या. फळी, वायर, पुन्हा फळी. मग बटण लागलं. मोटरचा आवाज उतरत गेला आणि खोली एकदम शांत झाली. त्या शांततेत फरशीवर थेंब पडायचा आवाज येऊ लागला.

"ओढू नकोस," सिस्टर म्हणाल्या. "अजिबात ओढू नकोस."

"नाही ओढत. ताई, वरचा पट्टा धर. उलटा फिरव. तुझ्याकडे... नाही, माझ्याकडे. हळू."

आयुष्यात पहिल्यांदा तो सांगत होता आणि त्या ऐकत होत्या. पट्टा इंच इंच उलटा फिरला, हातमोज्याचे पीळ एकेक करून सुटले, हात मोकळा झाला. सिस्टरनी हातमोजा काढला नाही. बाहेरूनच बोटं चाचपली. अंगठा, मधलं, अनामिका, करंगळी. तर्जनी भलत्याच बाजूला लोंबत होती. ओढणी फाडून त्यांनी सगळा हात आहे तसा आवळला, छातीच्या वर धरायला लावला, आणि गच्चीच्या कठड्याशी जाऊन अशी हाक मारली की सगळी गल्ली बाहेर आली.

शेजारचा टॅक्सीवाला रात्रपाळी करून नुकता आडवा झाला होता. तो बनियन आणि अर्ध्या चड्डीवरच किल्ली घेऊन धावला. वाटेत त्याने एकही सिग्नल पाळला नाही आणि सिस्टरनी त्याला एकदाही टोकलं नाही.

दवाखाना तोच होता, माणसं नवीन. "बाई, तुम्ही बाहेर थांबा," म्हणून कुणीतरी त्यांना पडद्याबाहेर बसवलं. ज्या पडद्याआड उभं राहण्यात आयुष्य गेलं, त्याच्या बाहेरच्या बाकावर त्या पहिल्यांदाच बसल्या. आतून तरुण डॉक्टरचा आवाज येत होता.

"कशानं झालं?"

"ड्रिल मशीन," छोट्या म्हणाला.

"आणि हातमोजे घालून? अहो काका, फिरत्या मशीनवर हातमोजे घालतात का कधी? धागा अडकला की हात आत जातो. नुसता हात असता तर ओरखडा आला असता, फार तर दोन टाके. कुणी घातलं हे खूळ तुमच्या डोक्यात?"

सिस्टर बाकावरून अर्ध्या उठल्या. एकच शब्द बोलायचा होता. मी. पण तो बाहेर येईना.

"माझंच चुकलं," आतून छोट्या म्हणाला.

आणि सिस्टर परत खाली बसल्या. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. हजार लोकांना त्यांनी कबूल करायला लावलं होतं, आणि स्वतःची पाळी आली तेव्हा पडद्याआडच्या भावाला बोलू दिलं.

ऑपरेशन चार तास चाललं. दर वेळी दार उघडलं की त्या उठायच्या, कुणी त्यांच्याकडे बघायचं नाही, त्या बसायच्या. टॅक्सीवाल्याने चहा आणून दिला, तो हातातच गार झाला. शेवटी एक डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, टोपी काढत म्हणाल्या, "अंगठा उत्तम आहे. मधलं बोट टिकेल. तर्जनी मात्र नाही जोडता आली हो, नसा पार पिळवटल्या होत्या."

"चिमटा?" सिस्टर म्हणाल्या.

"कसला चिमटा?"

"घड्याळं दुरुस्त करतो तो. अंगठा आणि तर्जनीत धरायचा. डाव्याच हाताने."

डॉक्टरीणबाईंनी टोपीची घडी करून खिशात घातली. "मधल्या बोटाने धरायला शिकावं लागेल. सहा महिने तरी. जमेलच असं मी सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी छोट्या नीट शुद्धीत आला. पट्ट्यांचा मोठा गठ्ठा उशीवर ठेवलेला. त्याने तो एकदा पाहिला आणि मग छताकडे बघत राहिला. सिस्टर खुर्ची ओढून जवळ बसल्या. त्यांनी रात्रभर जुळवलेली वाक्यं होती, ती सगळी ऐन वेळी पळाली.

"मी घालायला लावले तुला," त्या म्हणाल्या. "मला माहीत नव्हतं रे. मला जखमेची माहिती, मशीनची नाही. डॉक्टर विचारत होते तेव्हा मी गप्प बसले. मी घाबरले, छोट्या."

"असू दे, ताई."

"असू दे काय! बोट गेलं तुझं!" त्या रडायला लागल्या, नाक पुसत राहिल्या. मग एकदम त्यांच्या डोक्यात आलं. "तुला माहीत होतं?"

छोट्याने नजर पुन्हा छताकडे वळवली.

"मशीनवर हातमोजे चालत नाहीत, हे तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत असतं गं. रोज वर गेलो की काढायचो. उतरताना घालायचो."

"मग काल का नाही काढलेस?"

"तू दारात उभी होतीस."

बाजूच्या खाटेवर कुणीतरी खोकलं. वॉर्डातून औषधांची गाडी खडखडत गेली. सिस्टर भावाच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिल्या.

"अरे, मग सांगायचं होतंस. रागवायचं होतंस. चल हो बाजूला, तुला कळत नाही, म्हणून हाकलून द्यायचं होतंस मला."

छोट्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्याला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं.

"तुला?" तो म्हणाला.