चोवीस तासांची वाट

वडील घरातून गेले तेव्हा मे महिना होता. आम्ही धामणकर नाक्याजवळ राहायचो. लूमवरचं काम सुटल्यापासून वडिलांचं विसरणं फार वाढलं होतं. कधी कधी आईलाच विचारायचे, "तुम्ही कोण?" त्या दिवशी सकाळी आई नळावर गेली आणि ते अनवाणीच निघून गेले.

दुपारपर्यंत रिक्षा स्टँड, दवाखाने, सगळं पालथं घातलं. आई म्हणाली, "पोलिसांत जाऊ."

दिघाशीहून काका आले होते. ते म्हणाले, "चोवीस तास झाल्याबिगर ते लिवून घेत न्हाय. हाकलून देतील." काकांनी जमिनीपायी कोर्टकचेऱ्या केलेल्या, म्हणून त्यांचा शब्द आम्ही मानला. बारावी झालेल्या मीही मानला.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी विचारलं, "कधीपासून नाहीत?"

"काल सकाळपासून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग कालच का नाही आलात, ताई?"

मी चोवीस तासांचं सांगितलं.

"असा नियम नाही. माणूस हरवला की लगेच यायचं." ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. "तब्येत कशी आहे त्यांची?"

मला लाज वाटली. "जरा विसरतात."

"जरा म्हणजे? पत्ता सांगतील?"

आईच बोलली, "न्हाय साहेब. सोताचं नावबी सांगता येत न्हाय त्यांना."

वायरलेसवरून वर्णन गेलं आणि थोड्याच वेळात गणेशपुरीहून निरोप आला. आदल्या संध्याकाळी एसटीच्या कंडक्टरने अशाच एका म्हाताऱ्याला तिथल्या पोलिसांकडे नेलं होतं. त्यांनी चहा दिला, आसपासच्या ठाण्यांत कुणाची तक्रार आहे का विचारलं. कुठेच नव्हती. पहाटे सगळ्यांची नजर चुकवून म्हातारा निघून गेला होता.

दुपारी वडील सापडले. रस्त्यापासून आत, सुक्या भातखाचरात. ऊन लागून गेले होते.

माझा जबाब घेताना हवालदारांनी विचारलं, "तक्रारीला उशीर का झाला?" काका भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"आम्हाला माहीत नव्हतं," मी म्हणाले. तेवढंच लिहिलं गेलं.

बाराव्याला काका ताटावर बसले, पण घास उचलेनात. आई म्हणाली, "जेवा भावजी. तुमी सांगितलं, पण आमीबी ऐकलंच ना."

काका उठले, दारात जाऊन बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. आईने त्यांचं ताट झाकून ठेवलं.