तात्या, लाईट आली!

डॉक्टरांनी रक्तदाबासाठी ध्यान करायला सांगितलंय, म्हणून आज सकाळी चंदनाची उदबत्ती लावून बसलो. तो वास नाकात शिरला आणि मी थेट वीस वर्षांमागच्या अंथुर्ण्यात, शाळेच्या व्हरांड्यात जाऊन पोचलो.

तिथं ध्यानाचं शिबिर होतं, अशीच उदबत्ती लावलेली. आम्ही पंधरा ऊसवाले सतरंजीवर डोळे मिटून बसलेलो. मी अर्थातच एक डोळा उघडा ठेवून! शेजारी माझे चुलते, तात्या. चार महिन्यांपूर्वी काकी गेल्यापासून त्यांना धड झोप नव्हती. त्या दिवशी मात्र त्यांचा चेहरा कसा निवला होता. एवढी शांतता मला सोसवेना. मी त्यांच्या कानाशी कुजबुजलो, "तात्या, लाईट आली!"

विहिरीवरच्या मोटारीला वीज कधी मिळेल याचा नेम नसे. तात्या अनवाणीच शेताकडं पळाले. कुजबूज ऐकून त्यांच्यामागं आणखी सात जण! मी पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी त्यांना बोलवायला गेलो.

"न्हाय येत बाबा," ते म्हणाले. "काल डोळं मिटलं आन् तुजी काकी समोर दिसली. कायतरी बोलणार हुती, तेवढ्यात लाईट आली. मी पोचस्तोवर गेली बी. पर तू सांगितलंस, बरं केलंस."

"आज पुन्हा दिसंल की. चला."

"आन् न्हाय दिसली तर?"

एवढं बोलून ते माझ्यासाठी चहा टाकायला उठले. मी तो चहा प्यायलो. खरं काय ते सांगितलं नाही, तात्या होते तोवर कधीच नाही.