पांढरं रीळ

"हळू धरा, बाई. आत मनुष्य आहे."

बरणी हातात देताना रावसार एवढंच म्हणत. इकडे 'सर' या शब्दाला 'सार' म्हणतात. मद्रासच्या त्या प्रयोगशाळेत मेंदूच्या रोगांवर संशोधन चाले. ते तिथे तंत्रज्ञ होते, मी बरण्या धुवायला. नवरा वारलेला, शिक्षण चार यत्ता. साताऱ्याला परत जाऊन भावजयीची भांडी घासण्यापेक्षा इथल्या बरण्या बऱ्या, असं माझं मत होतं.

रोगी मेला आणि घरच्यांनी हो म्हटलं, की त्याचा मेंदू आमच्याकडे येई. ताजा मेंदू लोण्यासारखा मऊ असतो. बरणीत नुसता सोडला तर बुडाला टेकून चपटा होतो. म्हणून त्याच्या तळाच्या शिरेखालून दोरा ओवायचा, टोकं बरणीच्या तोंडाशी बांधायची आणि औषधाच्या पाण्यात तो उलटा अधांतरी ठेवायचा. घट्ट झाला की पातळ काप काढायचे. दोरा ओवण्याचं काम रावसार दुसऱ्या कुणाला देत नसत.

ते तंजावरकडचे मराठी. शब्द आमच्या आजोबांपेक्षा जुने, चाल तमिळ. मी हसले की म्हणत, "बिघडली ती तुमची भाषा, बाई. आम्ही आणली तशी ठेविली आहे."

जेवायला त्यांच्याजवळ कुणी बसत नसे. वास येतो म्हणत. मी बसायची. माझ्याही अंगाला तोच वास होता.

दोरा ते घरून आणत. कचेरीचा दोरा शीर कापतो, ही तक्रार. मामी, म्हणजे त्यांची बायको, मैलापूरच्या बाजारात भेटल्या की मला विचारत, "आमच्या घरी पांढरं रीळ टिकतच नाही. हे तिकडे काय शिवतात हो?"

"त्यांनाच विचारा," मी म्हणायची.

मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला. तोच रोग आमच्या कितीतरी बरण्यांत होता, त्यामुळे त्यांना कुणी काही समजावलं नाही. एक दिवस दोरा शिरेखालून जाईना. त्यांनी दार लोटलं.

"मी डाव्या हातावर धरतो. तुम्ही ओवा."

"मला नाही जमायचं."

"गजरा करता की नाही?"

"मोगरा तुटला तर दुसरा मिळतो."

"म्हणूनच हळू."

तेव्हापासून दोरा मी ओवू लागले. प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टरांना कळलं होतं. त्यांनी चालू दिलं.

आपलाही मेंदू इथेच द्यावा, अशी रावसारांची इच्छा होती. मामी नाही म्हणत. अग्नीला पुरा मनुष्य द्यायचा, असं त्यांचं म्हणणं. रावसारांनी वाद घातला नाही. "तिने हो म्हटलं तरच," एवढंच ते डॉक्टरांना सांगून आले.

ते अंथरुणाला खिळल्यावर मी बघायला गेले. मामींनी मला ओट्यावरच थांबवलं.

"खरं सांगा. काय करतात तिथे?"

मला गोड करून सांगता येत नाही. "काप करतात."

"आणि त्याच्या आधी?"

"दोऱ्याने तोलून ठेवतात. बुडाला टेकू देत नाहीत."

"कुठला दोरा?"

"तुमच्याच घरचा."

मला वाटलं, विटाळाचं काही बोलतील. त्या तशाच आत गेल्या.

पुढे रावसार गेले. मामी हो म्हणाल्या, हे मला डॉक्टरांची गाडी आली तेव्हा कळलं. शिपायाने मामींनी दिलेली कागदाची पुडी माझ्या हातात ठेवली. आत पांढरं रीळ होतं, नवं कोरं.

दोरा मीच ओवला. नव्या तंत्रज्ञाने बरणी एका हाताने उचलली, तेव्हा मी "हळू" म्हणाले. बरणीखाली माझा हात धरला.

सुतकाचे दिवस झाल्यावर उरलेलं रीळ परत द्यायला गेले. मामींनी ते हातात घेतलं, दोऱ्याचं सुटलेलं टोक नीट गुंडाळलं आणि मलाच परत दिलं.

"तिकडेच असू द्या," म्हणाल्या. "आणखी कुणाला लागेल."