रुळाचा मान

भिलाईतल्या एका इस्पितळात, अँजिओप्लास्टीच्या खोलीबाहेर, मी आईचा नंबर लागायची वाट पाहत बसले होते. शेजारच्या गृहस्थांची पत्नी आत टेबलावर होती आणि हे बाहेर स्वतःचीच आरती ओवाळत होते. पोलाद कारखान्यातून निवृत्त. कडक इस्त्रीचा सदरा, चंदनी अत्तराचा दर्प आणि वाक्यागणिक खुर्चीच्या लोखंडी हातावर अंगठीची टकटक.

"पोरी, आमच्या मिलमधून अल्ट्रासोनिक तपासणी केल्याबिगर एक रेल बाहेर नाई गेली. वरून चकचकीत दिसते. आतली चीर आवाजच सांगते."

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी दार अर्धं उघडलं. "स्टेंट बसवला आहे. तो नीट टेकला का, ते रक्तवाहिनीत अल्ट्रासाउंडची बारीक नळी घालून पाहायचं आहे. तुमच्या मिसेस म्हणतात, तुम्हाला विचारा."

अंगठी थांबली. "सोनोग्राफी? या वयात? बाळ पाहता का काय? स्टेंट फोटोत दिसून राहिला ना, झालं मंग!"

दाद मागत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. इतक्या गुळगुळीत अज्ञानाला हसूही चिकटत नव्हतं.

आतल्या थंड, स्पिरिटच्या वासातून एक क्षीण पण स्वच्छ आवाज आला, "अवो, रेलले लावता, मंग मले कावून नाई? डॉक्टरीणबाई, करा तुमी. त्याइले नका इचारू."

दार मिटलं. गृहस्थांनी खुर्चीवर अंगठी पुन्हा वाजवून पाहिली. लोखंड भरीव होतं. मघाचा पोकळ आवाज कुठून आला, ते मी त्यांना सांगितलं नाही.