तालमीच्या गोठ्यातला रिकामा प्लग

आमच्या दूर उत्तरेकडच्या, तळ्यांनी भरलेल्या सावो मुलखात सरळ ‘हो’ म्हणणारा उथळ आणि सरळ ‘नाही’ म्हणणारा उद्धट. मधे जे उरतं त्यावर आमचे संसार चालतात. आर्मास वेप्सेलाइनेन त्या मधल्यातलाच. चोपन्न वर्षांचा गडी, गोठ्यागोठ्यातलं दूध गोळा करायचा टँकर चालवतो. त्याची बायको केर्त्तू सांगते, “लग्नाला होकार द्यायला यानं दोन गवतकापण्या घालवल्या.”

तीस वर्षं तो सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, बाहेरच्या खोलीत एकटाच गिटारवर मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणारं रॉक, वाजवायचा. शेजारच्या गायींना इतकी सवय, की एखाद्या सांजंला वाजलं नाही तर पान्हा चोरायच्या. चारचौघांत वाजवायची त्याची हौस मात्र आतल्या आत मुरलेली.

यंदा आमच्या मेटल बँडचा दुसरा गिटारवाला लग्न करून समुद्राकडं गेला. मी ड्रमवर. आमची निम्मी गाणी दोन गिटारींवर उभी; एकीवर वाजवली तर एका बैलानं नांगर ओढल्यागत. युहान्नुसच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या, सणाला तळ्याकाठच्या नाचमंडपात वाजवायचं ठरलेलं, आणि आमची जागा घ्यायला अकॉर्डियनवाले टपलेले. दुकानाच्या फळ्यावर कागद लावला: ‘मेटल बँडला जादा गिटारवाला पाहिजे. फार चांगला नसला तरी चालेल.’

पहिला शहरातनं आला. म्हणाला, “या भागात माझ्यासारखा कुणी न्हाई.” आम्ही कॉफी पाजून वाटेला लावला. जो स्वतःच सांगतो, त्यानं वाजवायचं कशाला?

मग एक दिवस आम्ही तालीम करायचो त्या जुन्या गोठ्याच्या दारात टँकर थांबला. आर्मासच्या हातात आमचाच कागद.

“वाऱ्यानं फडफडत हुता. म्हणून काढला.”

वाजवलं त्यानं. बोटं अशी चालली, की आमच्या पहिल्या गिटारवाल्यानं आपली गिटार खाली ठेवली.

“वंगाळ न्हाई,” मी म्हणालो. आमच्याकडं याहून जास्त कौतुक फक्त मेलेल्याचं करतात.

सगळं जमलेलं. पण आमचा गायक इल्मारी पश्चिमेकडचा, इथला जावई. तिकडची माणसं तोंडाची सरळ. तो म्हणाला, “मग येणार का न्हाई? एक काय ते सांगून टाक!”

आर्मासचे कान लाल झाले. “बघू,” म्हणाला, गिटार पिशवीत घातली आणि गेला.

“न्हाई म्हणला की रं, आन्तेरो!” इल्मारी माझ्यावर उखडला.

“न्हाई म्हणला न्हाई.”

“मग हो म्हणला?”

“तसंबी न्हाई.”

“देवा, कुठं सोयरीक केली मी!” इल्मारीनं कपाळ बडवलं.

दोन आठवडे गेले. त्याचा फोन नाही, आमचाही नाही. लोचटपणा कुणी करायचा? शेवटी दुकानात केर्त्तूनं मला गाठलं.

“तुमची आठच्या आठ गाणी बसवलीत त्यानं. जेवताना टेबलावर बोटं चालत्यात. आन् तुमी गप?”

“तोच ‘बघू’ म्हणला.”

“मग बघायला काय दिलंत त्याला?”

सणाला नऊ दिवस राहिले होते. मी तसाच त्याच्या अंगणात गेलो. तो टँकर धूत होता. पाऊणेक तास तळ्यातल्या पाईक नावाच्या माशांवर बोललो. निघताना म्हणालो, “आमच्या तालमीच्या गोठ्यात एक प्लग रिकामा पडलाय. उगंच गंजायचा.”

त्यानं पाण्याची नळी बंद केली.

“प्लग रिकामा ठिवू नये,” म्हणाला.

संध्याकाळी अँप्लिफायर घेऊन हजर. इल्मारीनं विचारायला तोंड उघडलं, तसा मी त्यात अख्खा गोड पाव कोंबला. मग काठ्या आपटून चार मोजले. दोन्ही गिटारी एकदम उठल्या आणि आढ्यावरच्या पाकोळ्या भर्रकन बाहेर पडल्या. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या मधेच आर्मासनं हात वर केला.

“आन्तेरो, तू तालाच्या पुढं पळतोयस. ड्रम म्हंजी काय सुटलेलं वासरू हाय?”

माझं डोकं तडकलं, आणि लगेच हसू आलं. पाहुणा घरच्याला असं बोलत नाही. मी काठ्या खाली ठेवल्या आणि मंडपवाल्याला फोन लावला: अकॉर्डियनवाल्यांना दुसरीकडं धाड.