मावशीची डबल बेल

माझी मावशी बसमध्ये कंडक्टर होती आणि काका त्याच बसचे ड्रायव्हर. निवृत्त झाल्यावर दोघांनी गावाबाहेर झाडीची जागा घेतली, तेव्हा सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. मावशीने कुणालाही भीक घातली नाही. म्हणाली, "आयुष्यभर लोकांना 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणून घसा सुकला. आता झाडांत राहते. त्यांना कोण सरकायला सांगणार?"

परवाच्या वादळात झाडं आपणहून सरकली! सकाळी बघतो तर सगळ्यात जुनं झाड घर ते फाटक या एकुलत्या एक वाटेवर आडवं, आणि गाडी आत अडकलेली. मी सुट्टीला आलेली भाची आयतीच सापडले, फांद्या ओढायचं काम माझ्याकडे आलं. काकांनी मशीनची करवत काढली आणि आवाज अडवणारी टोपणं कानांवर चढवली. आता कितीही बोंबललं तरी त्यांना ऐकू येणार नव्हतं. म्हणून मावशीने त्यांच्या कमरेला दोरी बांधली, दुसरं टोक आपल्या हातात घेतलं. पद्धत बसमधल्या घंटीचीच: एक झटका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला.

काम झकास चाललं होतं. काकांनी एका जाड फांदीला करवत लावली आणि पलीकडून मावशीला त्या फांदीच्या ढोलीत दोन गोल पिवळे डोळे दिसले. शेजारी आणखी दोन. घुबडाची पिल्लं! आणि पातं त्यांच्याच दिशेने चाललेलं. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने दोरी ओढली आणि घाबरून लगेच पुन्हा ओढली. झालं, डबल बेल! काकांनी इमानदारीत जोर वाढवला. मावशी ओढतेय, काका रेटताहेत, भुसा उडतोय, मी नुसतीच किंचाळतेय!

शेवटी मावशीने दोरी टाकली आणि हात पसरून थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. काकांनी करवत बंद केली आणि कानांवरची टोपणं काढली.

"अगं, मरायचंय का?" काका ओरडले. "चला म्हणून तूच सांगितलंस ना!"

"अहो, आत पिल्लं आहेत! बाळं आहेत!"

पातं आणि पिल्लं यांच्यात वीतभर लाकूड उरलं होतं. काकांनी ढोलीत डोकावलं तर एक पिल्लू त्यांच्यावरच फिस्कारलं. "तुझ्यावर गेलंय," ते मावशीला म्हणाले आणि मशीनची करवत लांब नेऊन ठेवली.

मग हातकरवतीने, हळूच, ढोलीचा ओंडका वेगळा केला. तिघांनी मिळून तो शिडीवरून शेजारच्या झाडाच्या बेचक्यात चढवला आणि घट्ट बांधला. पण आईला तो सापडला नाही तर? उपाशी पिल्लं किती तग धरणार? उरलेल्या दिवसात कुणालाच काही सुचेना.

संध्याकाळी ती आली. चोचीत उंदीर होता. ती सरळ पडलेल्या झाडावर उतरली, जिथे ढोली होती तिथेच, आणि इकडेतिकडे बघत राहिली. मला तर रडूच फुटायला आलं.

"वर बघ गं बाई," मावशी पुटपुटत होती, "वर!"

तेवढ्यात वरून पिल्लांनी एकच कल्ला केला. घुबडाची मान गर्रकन वळली. पंखांचा आवाजही न करता ती वर गेली, ओंडक्यात शिरली आणि कल्ला एकदम थांबला.

"जेवताहेत," काका म्हणाले, आणि चक्क रडायला लागले.