अक्कांसाठी उकडलेली कणसं

कोवळं कणीस सोलून उकडणारी माणसं माझ्या डोक्यात जातात. सोललं की निम्मा गोडवा पाण्यात उतरतो, आणि ते पाणी आपण मोरीत ओतून मोकळे होतो. शिरपूरकडच्या माझ्या माहेरी कणीस सालीसकट उकडायचे. बाहेरची दोन जाड पानं तेवढी काढायची, पाण्यात मीठ अजिबात घालायचं नाही, मिठाने दाणा चामट होतो. साल हिरव्याची पिवळसर झाली आणि वास दारापुढच्या ओट्यापर्यंत पोचला की गॅस बंद. लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हापासून हे मी सगळ्यांना ऐकवत आले आहे. नवरा म्हणतो, तुझं कणसावरचं भाषण मला तोंडपाठ आहे. म्हणू दे. खाताना त्याच्याच हनुवटीवर तूप ओघळलेलं असतं.

आमच्या भिंतीला भिंत लागून अक्कांचं घर. अक्का मारवाडी, धर्माने जैन. त्यांचं कापडाचं दुकान पूर्वी सोनगीरला होतं, आणि गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्यांची अहिराणी इतकी ठसकेबाज झाली आहे की मी त्यांच्यापुढे शहरातली वाटते. रोज चारच्या सुमाराला त्या माझ्या ओट्यावर येऊन बसतात. गल्लीतल्या बातम्या सांगतात, माझ्या मेथीच्या जुड्या निवडून देतात. पण आठ वर्षांत त्यांनी माझ्याकडे पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. पोहे असोत, लाडू असोत, त्या हात जोडायच्या. "माले चालत नही वं माय."

पहिली दोन वर्षं मला नुसतं वाईट वाटायचं. मग राग यायला लागला. कांदा-लसूण त्या खात नाहीत हे ठाऊक होतं, पण लाडवात कुठला आलाय कांदा? म्हणजे माझ्या हातचंच चालत नाही, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं आणि ताटली पुढे करणंच बंद केलं. तोंडावर मात्र हसतच होते. असा राग फार छान टिकतो.

पावसाळ्यातला मका सगळ्यांना माहीत असतो, पण आमच्या भागात रब्बीचाही मका होतो आणि थंडीतलं त्याचं कणीस मला जास्त आवडतं. या जानेवारीत सोनगीरजवळच्या शेतातून दिराने पहिली कणसं आणली. मी ती उकडायला ठेवली होती आणि अक्का ओट्यावर कुणाच्या तरी लग्नाचं सांगत होत्या. बोलता बोलता मध्येच थांबल्या. डोळे मिटून त्यांनी खोल श्वास घेतला.

"कनीस उकडी रायनी का? कितला गोड वास शे!"

मग सांगायला लागल्या, लहानपणी त्या एका बैठकीला पाच पाच कणसं खायच्या आणि आई रागवायची. सांगताना त्यांचा चेहरा इतका फुलला की मी सगळा राग विसरून ताटलीत एक कणीस घालून आणलं. अक्कांनी ते पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि हात जोडले. "माले चालत नही."

माझं डोकंच फिरलं. ताटली आत नेऊन ओट्यावर आपटली, म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. पण त्यांनी कणसाकडे ज्या नजरेने पाहिलं ती काही मनातून जाईना. हिला खायचंय, मग अडतंय कुठे? दुसऱ्या दिवशी अक्का देरासरात, म्हणजे त्यांच्या मंदिरात, गेल्याची वेळ साधून मी त्यांच्या सुनेला गाठलं.

सून हसायलाच लागली. "अहो, काल आठम होती, म्हणजे अष्टमी. अशा पाळायच्या तिथीला त्या हिरवं खात नाहीत." आणि लाडू? "ते तुम्ही दिवे लागल्यावर आणले होते. सूर्य मावळला की त्यांचं खाणं बंद." एरवीही कांदा-लसणाचं भांडं चालत नाही. आणि कणीस तर बंद सालीत मुळीच नाही, कारण आत अळी असली तर ती जिवंत उकडेल. दाणा न् दाणा आधी डोळ्यांनी पाहायला हवा.

म्हणजे माझ्या हाताचा यात काही संबंधच नव्हता. आनंद झाला आणि स्वतःची लाजही वाटली. पण एक पेच उरला. साल काढली तर माझं कणीस ते कणीस राहत नाही, आणि साल ठेवली तर अक्का खात नाहीत. दोन दिवस मी दुसरा विचार केला नाही. अक्कांनी माझ्या घरी बसून कणीस खायला हवं, बस्स, तेही माझ्या पद्धतीचं.

अशी तिथी नसलेला दिवस कॅलेंडरात पाहून दिराला कणसं आणायला फोन केला. तो दुपारी यायचा तो सव्वापाचला उगवला. सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो आणि हा निवांत पाणी पितोय! मी पिशवी हिसकावून घेतली आणि एकेका कणसाची पानं केळं सोलावं तशी खाली ओढली, पण देठापासून तोडली नाहीत. केस काढले, सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं, पानं पुन्हा वर चढवली आणि एका पानाची उभी पट्टी फाडून तिनेच टोकाला गाठ मारली. दीर बघत होता. "वहिनी, कनीसले काय आंघोळ घालशी का?"

तिसऱ्याच कणसात शेंड्याला एक गुबगुबीत अळी निघाली. तिला कुंडीत सोडलं. इतकी वर्षं बंद कणसं उकडून आम्ही काय काय खाल्लं असेल, हा विचार मी तिथेच थांबवला. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

बासुंदीसाठी ठेवलेलं दुधाचं मोठं पातेलं काढलं, त्याला कांद्याचा वाससुद्धा माहीत नाही. कणसं त्यात उभी बसली. पावणेसहाला वास सुटला. मी भिंतीवरूनच हाक मारली, "अक्का, लवकर या! आज तिथी नाही, भांडं दुधाचं आहे, सगळी कणसं उघडून पाहिली आहेत आणि ऊन अजून शिल्लक आहे!" अख्ख्या गल्लीने ऐकलं असेल.

अक्का आल्या. गाठ सोडून पाहिली, पानं खाली केली, कणीस उन्हाकडे धरून फिरवलं. मला वाटलं आता हात जोडतात. पण त्यांनी तूप-मीठ लावून घेतलं आणि ओळीने दाणे खायला सुरुवात केली. पहिलं संपलं तेव्हा म्हणाल्या, "आखो एक दे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायच्या भानगडीत मी पडले नाही.

दुसरं अर्धं झाल्यावर मी जरा फुशारकीनेच सांगितलं, की तुमच्या सुनेकडून सगळं विचारून घेतलं.

"सूनले इचारं," अक्का हसल्या. हनुवटीला दाणा चिकटला होता. "आठ वरीस मी तुन्हा ओटावर बससू. काय चालत नही ते मी सांगं. काय चालस ते माले तू कधी इचारंच नही."

खरंच होतं ते. त्या नाही म्हणायच्या आणि मी ताटली उचलून आत जायचे, रुसायला. त्यांच्याजवळ बसून पुढचा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

तेव्हा मी तिसऱ्या कणसाची गाठ सोडली, ते त्यांच्या हातात दिलं, शेजारी बसले आणि विचारलं, "अक्का, तुम्हांला काय काय चालतं?"

अक्कांनी मावळतीकडे एकदा पाहिलं, घाईघाईने दोन घास घेतले आणि सांगायला लागल्या.